सर्वांत समाधानी ठाण्यातला रुग्ण

"मिस्टर राव, तुम्हाला बर्नआउट झालाय," डॉक्टर म्हणाल्या, "आणि त्याच्या जोडीला मध्यम दर्जाचं डिप्रेशन आहे."

मी विचारलं, "म्हणजे हार्ट नाही ना?"

"हार्ट अगदी चांगलं आहे."

हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा. मला चीड आली. चार महिन्यांत तीन वेळा छातीला हात लावून इमर्जन्सीत गेलो, दोन्ही दंडांतून बाटलीभर रक्त काढून दिलं, पट्ट्यावर धावलो, आणि शेवटी निदान काय, तर आमच्या जीपची क्लचप्लेट जळते तसा मी जळलोय. हार्ट अटॅक असता तर लोकांना सांगता तरी आलं असतं. पोलीस ठाण्यातली माणसं सफरचंदं घेऊन आली असती. बर्नआउट झालेल्या माणसाला कोणी सफरचंदं आणत नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, बेंगळूरच्या पोलिसात हेड कॉन्स्टेबल. नोकरीला चोवीस वर्षं झाली. आमच्या समाजाच्या वार्षिक अंकवाल्यांनी आजारपणाबद्दल लिहा म्हणून गळ घातली, म्हणून हे लिहितोय. चार पिढ्यांपूर्वी आमचे लोक इथे आले. मराठी घरात आणि देवळात, बाकी सगळा कारभार कन्नडात. माझी बायको सुनंदा बेळगावची, मराठी शाळेत शिकलेली. हे लिखाण तिने तपासलंय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या.

आता माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठाण्यात मी बारा वर्षं रायटर आहे. रायटर म्हणजे पुस्तकं लिहिणारा नव्हे. आलेली तक्रार लिहून घेणं, ठाण्याची डायरी, कोण कुठल्या बंदोबस्ताला जाणार त्याचा तक्ता, कोर्टाच्या तारखा, वरून आलेल्या प्रत्येक पत्राचं उत्तर, हे सगळं एका टेबलावर. कोणाला वरून मेमो आला की त्याचं दिलगिरीचं उत्तरसुद्धा मीच लिहून देतो. बारा वर्षांत मी इतक्या लोकांच्या वतीने क्षमा मागितली आहे की स्वतःच्या लग्नातही मी इतका वाकलो नव्हतो. साप्ताहिक सुट्टीचा तक्ता मीच लिहितो आणि कोणी मंत्री शहरात येणार असं कळलं की तो मीच खोडतो. खोडताना समोरचा माझ्याकडे असा बघतो की मंत्र्यांना मीच बोलावलंय.

ठाणं मारतहळ्ळीच्या बाजूला, आउटर रिंग रोडजवळ. घर राजाजीनगरला. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. बेंगळूरचे लोक समजून घेतील.

पहिला झटका आला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला, दुपारी बाराच्या सुमारास. समोर एक आयटीतला तरुण बसला होता. रिक्षात लॅपटॉपची बॅग विसरला होता आणि रिक्षाचा नंबर सोडून त्याला सगळं आठवत होतं. लिहिता लिहिता माझी छाती आवळल्यासारखी झाली. डाव्या हाताला मुंग्या आल्या. पाठीवरून घाम उतरायला लागला. मी काय केलं? लॅपटॉपचा सीरियल नंबर विचारला. मग बॅगेचा रंग विचारला. तक्रार पूर्ण केली, त्याची सही घेतली, शिक्का मारला, पोच दिली, आणि मग शेजारच्या शिवण्णाला म्हटलं, "मला जरा हॉस्पिटलला सोड." शिवण्णाही माझ्यासारखाच हेड कॉन्स्टेबल, पंधरा वर्षांचा सोबती. तो म्हणाला, "रायटरे, अगोदर सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, तक्रार अर्धी कशी टाकणार?

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला असं झालं तर तक्रार अर्धी टाका. लॅपटॉप सापडत नाही तो नाहीच.

इमर्जन्सीत ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी केली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो, आणि तो उतरायला वेळ लागतो म्हणून काही तासांनी तपासणी पुन्हा करतात. दोन्ही वेळा काही निघालं नाही. तिथला कोवळा डॉक्टर म्हणाला, "गॅस असेल, सर. आणि स्ट्रेस कमी करा." मी विचारलं, "कमी करायचा म्हणजे कुठल्या काउंटरवर?" त्याला तो विनोद वाटला. मला खरोखर माहिती हवी होती.

दुसरा झटका बंदोबस्ताच्या हजेरीच्या वेळी. तिसरा घरी, रविवारी सकाळी. महिन्याभरात पहिल्यांदा न खोडलेली सुट्टी मिळाली होती. ताटात इडली होती, हातात काही काम नव्हतं, आणि छाती पुन्हा आवळली. काम करताना होतं ते समजू शकतो. इडली खाताना होण्यासारखं त्यात काय होतं?

त्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी टीएमटी करायला लावली. छातीला वायरी चिकटवून पळत्या पट्ट्यावर चालायचं, मग धावायचं, आणि आलेख बघायचा. माझा नंबर येईपर्यंत मी वायरी लावून बाकावर बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी माझे बूट ओळखले. "पोलीस का?" मी हो म्हटलं. झालं. छातीला सात वायरी लावलेल्या अवस्थेत मी त्यांना पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला किती दिवस लागतात, मुलाचा पत्ता बदलला असेल तर काय करावं, आणि वरच्या भाडेकऱ्याचा आवाज किती वाजल्यानंतर गुन्हा होतो, हे सगळं समजावून दिलं. टीएमटीचा निकाल उत्तम आला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणसं इतकं धावत नाहीत." मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

घरात सल्ल्यांना ऊत आला होता. माझ्या अक्काने दृष्ट काढली, दोनदा. सुनंदाचा भाऊ सर्जापूर रोडला राहतो, मोठ्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "भावजी, तुम्ही एक मेडिटेशनचं ॲप डाउनलोड करा, सिंपल आहे. आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी वेलनेस सेशन असतं." शुक्रवारी आमच्याकडे कोर्टाचे समन्स असतात. ॲप टाकलं. त्यातली बाई सांगते, श्वास आत घ्या, आणि तेवढ्यात वर नोटिफिकेशन येतं, तीन जण बंदोबस्ताला पाठवा.

हृदयाच्या डॉक्टरांनी शेवटी एक चिठ्ठी लिहिली. मानसोपचार विभागाला दाखवा. त्यांच्या मते मला येत होते ते पॅनिक अटॅक. म्हणजे शरीर संकट नसताना संकटाची घंटा वाजवतं, आणि लक्षणं सगळी हार्ट अटॅकची. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि विसरलो. विसरलो असं मी आजही म्हणतो. युनिफॉर्म धुवायला टाकताना ती सुनंदाला सापडली आणि माझा नाइलाज झाला.

त्या विभागाबाहेर बसणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत अवघड बसणं. कारण अशा दारांपुढे मी आजवर लोकांना घेऊन गेलो आहे. पकडून आणलेल्या माणसाचं डोकं ठीक आहे का ते लिहून आणायचं असतं, तेव्हा आम्ही दंडाला धरून बसतो. आता सुनंदा माझ्या दंडाला धरून बसली होती. कोणी ओळखीचं दिसेल म्हणून मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते तेलुगू होतं हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

मी खुर्चीजवळ ताठ उभा राहून म्हणालो, "ऑल राईट, मॅडम."

"झोप?"

"ऑल राईट, मॅडम."

हे आमच्या खात्यातलं मोठं दुखणं आहे आणि कुठल्याच तपासणीत ते येत नाही. वरिष्ठाने विचारलं की सगळं ठीक आहे असं सांगायचं. भरतीच्या पहिल्या दिवसापासून ते अंगात मुरवलं जातं. पायाला फोड आले असले तरी ऑल राईट, घरात बाप आजारी असला तरी ऑल राईट. टेबलापलीकडे खुर्चीत बसून प्रश्न विचारणारा कोणीही आम्हाला वरिष्ठच वाटतो. हृदयाच्या डॉक्टरांनाही मी तीन महिने तेच सांगत होतो.

सुनंदाचा तोल गेला. ती कन्नडात सुरू झाली आणि रागाच्या भरात मराठीवर आली. डॉक्टर धारवाडच्या, त्यांना मराठी कळत होती. "कसलं ऑल राईट, बाई? जेवताना ताटाकडं नुसतं बघत बसत्यात. टीव्ही लावला तर ओरडत्यात, बंद केला तर का बंद केला म्हणत्यात. परवा पोरगी विचारायला आली, पप्पा, दहावीनंतर कुठल्या कॉलेजला जाऊ? तर हे म्हणाले, अर्ज दे. पोटच्या पोरीला अर्ज दे म्हणाले, बाई!"

मी असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. पण खोटं वाटलं नाही.

डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तक्रार घेऊन आलेल्या माणसाबद्दल शेवटचं वाईट कधी वाटलं?"

मग मी त्यांना सोलापूरच्या गृहस्थांबद्दल सांगितलं. हे मी त्याआधी कोणालाच बोललो नव्हतो, सुनंदालाही नाही. त्यांचा मुलगा आमच्या हद्दीत एका पीजीमध्ये राहायचा, नोकरीला लागून सहा महिने झाले होते. गीझरचा शॉक लागून गेला. वडील एकटेच आले. शवागारातून मुलाला ताब्यात घ्यायला ठाण्याचं पत्र लागतं, त्यासाठी ते माझ्या टेबलापुढे उभे होते. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्यांनी चाचरत मराठीत विचारलं, "आपण मराठी का?" मी हो म्हटलं. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. परक्या शहरात, असल्या दिवशी, आपली भाषा बोलणारं कोणी सापडलं होतं त्यांना. आणि मी मराठीत त्यांना काय म्हणालो? "दोघांच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणा. समोरच्या गल्लीत दुकान आहे."

ते गेले. उन्हातून झेरॉक्स घेऊन आले. मी पत्र दिलं. ते हात जोडून "फार उपकार झाले" म्हणाले आणि मी घड्याळाकडे बघत होतो, कारण कोर्टाचा माणूस यायचा होता. वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही हे लक्षात आलं, तेसुद्धा चार दिवसांनी, बसमध्ये.

डॉक्टरांनी तेव्हा मला समजावलं. बर्नआउट म्हणजे न संपणाऱ्या कामाच्या ताणाने माणूस रिता होणं. आधी थकवा येतो आणि तो झोपेने जात नाही. मग डीपर्सनलायझेशन, म्हणजे समोरचा माणूस माणूस वाटेनासा होतो, फाइल वाटायला लागतो. आणि शेवटी आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं वाटायला लागतं. "तुमच्यात तिन्ही आहेत," त्या म्हणाल्या. मग आवाज न बदलता विचारलं, "मरून जावं असं वाटतं का कधी?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. मरायला सुट्टी लागते."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण ती थट्टा पूर्ण थट्टा नव्हती हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला तीन आठवडे लागतात, तोवर मळमळ, तोंडाला कोरड, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दर आठवड्याला समुपदेशन. सहा आठवडे पूर्ण रजा. आणि परत गेल्यावर निदान सहा महिने रायटरचं टेबल नाही. डॉक्टरांनी तसं सर्टिफिकेट लिहिलं आणि म्हणाल्या, "हे मिळालंच पाहिजे. गोळ्या खाऊन त्याच टेबलावर बसलात तर मला फार काही करता येणार नाही."

आता पेच होता तो हा. दहा दिवसांची रजा आमचे इन्स्पेक्टर देऊ शकतात. सहा आठवडे आणि टेबल बदलून हवं तर डीसीपी साहेबांपुढे उभं राहावं लागतं.

इन्स्पेक्टर वाईट माणूस नाही. त्यांच्याच ड्रॉवरमध्ये बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं आणि ते संपलं की आणायला मीच सांगतो. त्यांनी दार लावून घेतलं. "राव, सायकियाट्री शब्द असलेला कागद वर गेला की तो तुमच्या सर्व्हिस बुकला कायमचा चिकटेल. एएसआयच्या प्रमोशनची यादी यायची आहे. गॅस्ट्रिक लिहा, दहा दिवस घ्या. स्वल्प ॲडजस्ट माडी." जरा ॲडजस्ट करा. या शहरात रस्त्यापासून हृदयापर्यंत सगळ्यावर हाच उपाय आहे. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि तो फॉर्म आठवतोय ना?"

आठवत होता. आता कबुली द्यायची वेळ आली.

आठ महिन्यांपूर्वी वरून फॉर्म आले होते. कामाचा ताण आणि समाधान यांची पाहणी. प्रत्येकाला तीस प्रश्न. झोप कशी, भूक कशी, कामावर यावंसं वाटतं का, घरच्यांशी बोलणं होतं का. समोर चौकटी: कधीच नाही, कधीकधी, बहुधा, नेहमी. सकाळी अकराला फॉर्म आले आणि त्याच दिवशी चार वाजेपर्यंत भरून पाठवा असा हुकूम. ठाण्यात माणसं सेहेचाळीस, त्यातली अडतीस बंदोबस्ताला रस्त्यावर. इन्स्पेक्टर म्हणाले, "राव, तुम्हीच बघा."

मी बघितलं. जेवण सोडून सेहेचाळीस फॉर्म भरले. रायटर आहे मी, कसब आहे हातात. चार रंगांची पेनं वापरली. काही खुणा तिरक्या मारल्या, काही सरळ. सगळं फारच छान दिसू नये म्हणून दोघांना कधीकधी डोकेदुखी दिली, एकाला अपचन. बाकी सगळे आनंदी. ताणाबद्दल विचारणारे कागद ताणात बसून मीच खोटे भरले, आणि साडेतीनला पाठवून दिले म्हणून स्वतःवर खूश झालो.

महिन्याभराने कौतुकाचं पत्र आलं. आमचं ठाणं विभागातलं सर्वांत समाधानी ठाणं ठरलं होतं. इन्स्पेक्टरांनी पेढे वाटले. त्यानंतर पंधरवड्यात दुसरं पत्र: तुमची माणसं समाधानी आहेत, सबब त्यांतली चार जण अमुक ठाण्याला पाठवावीत, तिथे ताण फार आहे. चौघं गेले. त्यांचं काम उरलेल्यांत वाटण्याचा तक्ता मी लिहिला. दोघांच्या वाटणीचं काम माझ्या टेबलावर आलं. उन्हाळ्यात छाती आवळली ती कशाने, हे शोधायला खरं तर टीएमटीची गरज नव्हती.

तेव्हा वर जाऊन "मला ताण आहे" म्हणायचं, तर माझाच फॉर्म माझ्याविरुद्ध साक्षीला उभा. खरं सांगावं, तर खोटे कागद केल्याची चौकशी, इन्स्पेक्टर अडचणीत, सगळं ठाणं अडचणीत, प्रमोशन गेलं. गप्प बसावं, तर दहा दिवस, आणि मग तेच टेबल. सुनंदा एवढंच म्हणाली, "सर्व्हिस बुक घेऊन मी काय करू?"

आमच्यात ऑर्डरली रूम म्हणून प्रकार असतो. ठरलेल्या दिवशी वरिष्ठ बसतात, बाहेर कॉरिडॉरमध्ये रांग लावायची, नाव पुकारलं की आत जाऊन सॅल्यूट ठोकायचा आणि आपलं म्हणणं एका वाक्यात सांगायचं. बारा वर्षं मी लोकांना ती वाक्यं लिहून दिली. स्वतःचं वाक्य कॉरिडॉरमध्ये दहा वेळा घोकलं.

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. शांत माणूस. सर्टिफिकेट वाचलं, कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं, आणि म्हणाले, "तुमच्या ठाण्याला मीच पत्र दिलं होतं. तुमचा फॉर्म इथे आहे. झोप चांगली. कामाचं समाधान, नेहमी. आठ महिन्यांत असं काय झालं?"

शेजारी इन्स्पेक्टर उभे. माझं घोकलेलं वाक्य गेलं. मी शूर वगैरे नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मला फक्त चीड आली. इतकी चीड आली की छाती आवळायचीसुद्धा विसरली.

"सार, तो फॉर्म मी भरला," मी म्हटलं.

"तुमचा तुम्हीच भरणार ना?"

"सगळेच मी भरले, सार. सेहेचाळीस. चार वाजेपर्यंतची वेळ होती. माझ्या फॉर्मवर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, सार. माझा नंबर शेवटी होता. तोवर हात दुखायला लागला होता, न वाचताच खुणा केल्या."

साहेबांनी इन्स्पेक्टरांकडे बघून विचारलं, "खरं आहे?"

नाही म्हणणं त्यांना सोपं होतं. रायटरचा शब्द तो केवढा. पण ते म्हणाले, "होय सार. मीच सांगितलं होतं." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे, आणि त्यांना ते सांगितलं की ते विषय बदलतात.

साहेबांनी सर्टिफिकेट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे. रजा मंजूर केली. टेबल बदललं. आम्हा दोघांना मेमो काढला. आणि हुकूम दिला की आमच्या ठाण्यातल्या प्रत्येकाने फॉर्म पुन्हा भरायचा, स्वतः, समोर बसून, एकानेही दुसऱ्याचा भरायचा नाही. प्रमोशनच्या यादीत माझं नाव आलं नाही. मेमोला उत्तर लिहायला बसलो तर पहिल्यांदाच शब्द सुचेनात. शेवटी जे झालं ते लिहिलं, अडीच ओळींत.

रजेचे पहिले दोन आठवडे मी झोपलो आणि मळमळलो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुलगी कॉलेजच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आली. आम्ही दोन तास भांडलो, कारण तिला घराजवळचं कॉलेज नको होतं. सुनंदा आतून म्हणाली, "आता भांडतायत, म्हणजे बरे व्हायला लागले." चौथ्या आठवड्यात भाजी निवडताना सोलापूरचे गृहस्थ आठवले आणि मी घेवड्याच्या शेंगा हातात धरून रडलो. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी चांगलं झालं म्हणून मान हलवली. मला त्यात चांगलं काही दिसत नव्हतं. त्या माणसाला खुर्ची द्यायला हवी होती. झेरॉक्स मी आणायला हवी होती. ते आता होणार नाही.

तुमच्यापैकी कोणी खाकीत असेल, किंवा घरात कोणी असेल, तर त्यांना माझ्याकडून सांगा. डॉक्टरांपुढे सॅल्यूटची गरज नसते. बरोबर घरचं माणूस न्या, ते खरं बोलतं. आणि छातीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या म्हणून आपण खोटारडे ठरत नाही. मी पूर्ण बरा झालोय असं लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत, चिडचिडही चालू आहे. डॉक्टर म्हणतात त्यातली काही माझी मूळचीच असावी.

ठाण्यातली माणसं मात्र माझ्यावर खवळली होती. माझ्यामुळे सगळ्यांना पुन्हा बसून फॉर्म भरावे लागले, कित्येकांची सुट्टी त्यात गेली. शिवण्णाने तर बोलणंच टाकलं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. रजा संपायला चार दिवस राहिले असताना, सकाळी दहाला त्याचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत तो सुरू झाला.

"रायटरे, तुम्हाला काही लाज? माझा वीकली ऑफ गेला! तीस प्रश्न! एकेक वाचावा लागला. समोर डीसीपी ऑफिसचा माणूस बसलाय, वाचा म्हणतोय. घरच्यांशी मोकळेपणाने कधी बोललात? हा काय प्रश्न झाला? अर्धा तास बसलो त्या एका प्रश्नावर. तुम्ही माझ्या नावावर काय लिहिलं होतं?"

"बहुधा नेहमी," मी म्हटलं.

तो दहा मिनिटं बोलत होता. मी ऐकून घेतलं. मग अगदी वेगळ्या आवाजात त्याने विचारलं, "त्या डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतात?"

मी म्हटलं, "मजला सांगितला तर तू जाणार नाहीस. हॉस्पिटलच्या बसस्टॉपवर उभा राहा, मी येतो."

तासाभराने आम्ही दोघं डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, आणि तो मला अजून शिव्याच घालत होता.